चिबड रानातलं पीक

जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याला लागलं की कानोता येतं. तिथल्या एका मराठी घरात ऑर्किडच्या कुंडीवरून बोलणं सुरू झालं आणि पोहोचलं थेट जर्मनीत.

सूनबाईंनी नर्सरीतून वाळक्या शेवाळाची पिशवी आणली होती. सासूबाईंनी ती उलटीसुलटी पाहिली. "हे गवत पैसे देऊन आणलंस?"

सूनबाईंनी मूठभर शेवाळ पाण्यात टाकलं. बघता बघता ते टम्म फुगलं. हे स्फॅग्नम शेवाळ स्वतःच्या वीसपट वजनाचं पाणी धरू शकतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जखमांवर बांधायलाही ते वापरलं गेलं. थंड मुलखातल्या दलदलीत ते वाढतं. खालचा भाग मरतो, पण पाण्याखाली हवा नसल्यानं पुरता कुजत नाही आणि त्याचं पीट होतं. थर चढतो वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर. हातभर खणलं, की साडेचारशे वर्षांची ठेव उचलली! शिवाय चर खणून दलदल कोरडी केली, की पीट कुजू लागतं आणि साठलेला कार्बन हवेत जातो.

सासूबाईंची लेक जर्मनीत ओल्डेनबुर्गला असते. संध्याकाळी फोनवर तिनं जवळच्याच हांकहाउझेनची गोष्ट सांगितली. तिथे २०११ मध्ये कोरड्या केलेल्या दलदलीवरच्या कुरणात प्रयोग सुरू झाला. वरची माती काढली, शेवाळाचे तुकडे पसरले, वर पेंढा अंथरला आणि पाणी पुन्हा आत घेतलं. ते पृष्ठभागाच्या जरासंच खाली राखावं लागतं. कमी झालं की शेवाळ वाळतं. तीन-पाच वर्षांनी वरचं शेवाळ कापायचं. ते कुंड्यांच्या मातीत पीटऐवजी चालतं.

सासूबाई सांगलीकडच्या. उसाला पाणी पाजून पाजून चिबडलेलं रान त्यांनी पाहिलं होतं. "चर काढून पाणी बाहेर घालवताना आमचा जीव गेला, आणि हे लोक मुद्दाम आत घेतात?"

"तुमचं रान पाण्यानं बिघडलं, आई. इथली जमीन पाण्यावाचून बिघडली."

हे मात्र त्यांना पटलं. पण शेतकऱ्याच्या घरातली बाई ती, पुढचा प्रश्न तयारच होता. "पहिलं पीक येईपर्यंत त्यानं खायचं काय?"

लेक जरा थांबली. प्रयोगाला सरकारी पैसा होता. एरवी खर्च फार, आणि खणून काढलेलं पीट स्वस्त.

कानोत्याच्या उन्हाळ्यात हे पीक येणं शक्य नाही. सूनबाईंनी उरलेलं शेवाळ जपून ठेवलं आणि दुसऱ्या कुंडीसाठी नारळाच्या सोडणाचे तुकडे भिजत घातले. खारटपणा जावा म्हणून सासूबाईंनी पाणी दोनदा बदललं.