काळी चारची ढोलकी

अरेंजर कीबोर्डला कॉर्ड कळते, सा कळत नाही. डाव्या हातानं सी मेजर धरला की बेस सीवर येऊन उभा राहतो, गिटार त्याच कॉर्डवर खरडू लागते, मागची स्ट्रिंग्ज तेच स्वर पसरतात. हात ए मायनरवर सरकला की सगळा ताफा त्याच्यामागून ए मायनरवर. फक्त तालवाद्यं जागची हलत नाहीत. ड्रमचा ट्रॅक कॉर्डपासून मुद्दाम तोडलेला असतो, कारण तिथं प्रत्येक पट्टीखाली स्वर नसतो, एकेक वाद्य असतं. ट्रान्सपोजनंही तो हलत नाही. हलला असता, तर एक पट्टी चढवताच स्नेअरच्या जागी टाळी वाजली असती. पाश्चात्त्य ड्रमसेटसाठी ही व्यवस्था अगदी चोख आहे.

ढोलकी मात्र तिच्यात मावत नाही. ढोलकीची शाईची पुडी गाणाऱ्याच्या सुरात मिळवलेली असते. गाणारी काळी चारमध्ये, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, गात असेल तर ढोलकीही काळी चार. मग गाण्यात कॉर्ड कुठंही जावो, मध्यमावर जावो, पंचमावर जावो, ढोलकी आपला सा सोडत नाही. लावणीत हार्मोनियमचे स्वर बदलत असतात आणि त्याखाली तो एकच टणक सा टणटणत असतो. तो बदलत नाही म्हणूनच वरचं बदललेलं कानाला कळतं. म्हणजे कॉर्डमागं न धावण्याचा यंत्राचा नियम ढोलकीला मानवतो. अडचण येते ती गाणाऱ्याचा सूर बदलल्यावर. काळी एकमध्ये गाणारा माणूस उठला आणि काळी चारची बाई माईकपाशी आली, की ढोलकीवाला दुसरी ढोलकी मांडीवर घेतो. कीबोर्डवाला मात्र ट्रान्सपोज करतो. सगळं वाद्य वर चढतं आणि त्यातली ढोलकी काळी एकवरच राहते. श्रोत्यांना नेमकं काय बिनसलं ते सांगता येत नाही, पण गाणं त्यांच्या अंगात शिरत नाही. गाणाऱ्या बाईंना मात्र लगेच कळतं. त्या मान वळवून बघतात.

कीबोर्डवर स्वतःचे तालवाद्यांचे आवाज ठेवण्याची माझी धडपड या मान वळण्यातून सुरू झाली.

या आवाजांची जुनी मांडणी पाहिली की आपली वाद्यं तिथं किती उशिरा पोचली हे दिसतं. खऱ्या ड्रमचे नमुने डिजिटल स्वरूपात वाजवणारं पहिलं यंत्र, रॉजर लिनचं एलएम-१, १९८० मध्ये आलं. १९८३ मध्ये मिडी आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. १९९१ मध्ये जनरल मिडीनं ठरवून दिलं की तालवाद्यांचा चॅनल दहावा, ३६ नंबरवर बास ड्रम, ३८ वर स्नेअर, ४२ वर बंद हाय-हॅट. ३५ पासून ८१ पर्यंत ४७ आवाजांच्या त्या यादीत बोंगो आहे, कोंगा आहे, ब्राझीलची कुईका आहे. तबला नाही, ढोलकी नाही, पखवाज नाही. सुरांच्या १२८ आवाजांत सतार आणि शहनाई आहेत, त्यामुळे हे रितेपण मला जास्तच जाणवतं. पुढं कंपन्यांनी भारतीय किट दिले, यामाहानं तर भारतासाठी पीएसआर-आय ही मालिकाच काढली. तबला आला, ढोलक आला. पण ढोलक म्हणजे ढोलकी नव्हे. संबळ, हलगी, दिमडी यांच्यासाठी आजही आपलं आपणच राबावं लागतं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या वाद्यांचे कान ज्यांना आहेत त्यांनीच ते काम करावं.

मी ढोलकी ध्वनिमुद्रित केली ती नारायणगावच्या बाजूला, एका म्हाताऱ्या ढोलकीपटूकडे, अण्णांकडे. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. जत्रांच्या हंगामाआधी तिथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी सुपारी ठरवायला येतात. अण्णांचं फडातलं वय सरलं होतं, हात सरला नव्हता. मला एकेक थाप सुटी हवी होती, कारण पट्टीखाली सुटी थापच बसते. अण्णांना ते पटेना.

"सुटी थाप म्हंजी काय रं? मागली थाप असल्याबिगर फुडली कशी यायची?"

त्यांनी मारून दाखवली. खरंच, सुटी मारलेली थाप निर्जीव होती. हात हवेतून थेट आला होता, आधीच्या थापेवरून उसळून आला नव्हता. मग आम्ही तोड काढली. अण्णांनी ठेका धरायचा, चालता ठेवायचा आणि मी बोट वर केलं की हव्या त्या बोलावर थांबायचं. शेवटची थाप पुरती विरेपर्यंत कुणी हलायचं नाही. अशा थांबलेल्या थापा मी कापून घेतल्या. त्यांत चालत्या ठेक्याची उसळी शाबूत राहिली.

एका थापेची एकच प्रत पुरत नाही. पट्टी किती जोरानं दाबली हे मिडी १ ते १२७ या आकड्यांत सांगतं, पण जोर वाढला की ढोलकीचा नुसता आवाज वाढत नाही, त्याची जातच बदलते. हळू थापेत शाईचा सूर जास्त, जोरकस थापेत कातड्याचा कडकडाट जास्त. म्हणून हलकी, मध्यम आणि खणखणीत अशा वेगळ्या प्रती, एकाच पट्टीखाली थरांत रचलेल्या. त्यातही प्रत्येक थराची दोन-तीन भावंडं घ्यावी लागतात आणि ती आलटून पालटून वाजतील असं करावं लागतं. तसं केलं नाही तर जलद लग्गीत एकच थाप पुन्हा पुन्हा येते आणि शिलाई मशीन चालल्यासारखं वाटतं. अण्णा म्हणालेच होते, "येकच थाप दोनदा मागू नगंस, मिळायची न्हाई."

मग मिटवण्याचं काम. ड्रमसेटमध्ये उघडी हाय-हॅट वाजत असताना बंद वाजली की उघडीचा आवाज तिथंच तुटतो, कारण दोघी एका गटात बांधलेल्या असतात. ही सोय झांजेसाठी केलेली, पण ढोलकीला तिची जास्त गरज आहे. धुमेवरची, म्हणजे डाव्या पुडीवरची, खुली थाप गुंजत असताना दाबलेली थाप आली की गुंजन मेलंच पाहिजे. खऱ्या कातड्यावर ते आपोआप मरतं. आणि घुमक! डाव्या पुडीवर तळव्याची कड दाबत पुढं सरकवली की आवाज खालून वर चढतो, तो चढ प्रत्येक लयीत वेगळ्या लांबीचा असतो. मी आखूड, मध्यम, लांब अशा तीन घुमका शेजारशेजारच्या पट्ट्यांवर ठेवल्या आहेत. पिच बेंडच्या चाकानंही चढ काढता येतो, पण त्यात हाताच्या घासण्याची खरखर येत नाही, आणि मला त्या खरखरीचा मोह सुटत नाही.

सुराचा प्रश्न तरीही उरलाच. एकच ध्वनिमुद्रण घेऊन ते यंत्रात वर-खाली ओढलं तर? काळी एकपासून काळी चार सात अर्धस्वर दूर आहे. नमुना नुसता तेवढा चढवला तर तो जवळजवळ दीडपट वेगानं वाजतो. सूर बरोबर येतो, पण थापेची लांबी दोन-तृतीयांश उरते आणि खोडाचा आवाजही सोबत चढतो, जणू ढोलकी खेळण्यातली झाली. एखाद-दुसऱ्या अर्धस्वराची ओढ कान सहन करतो, त्यापुढं नाही. अण्णांकडे काळी एकची ढोलकी निराळी होती आणि काळी चारची निराळी, लहान तोंडाची. मधले सूर ते दोरीच्या कड्या सरकवून मिळवत. आम्हीही तसंच केलं. प्रत्येक सुराला मिळवायचं, पुन्हा सगळ्या थापा घ्यायच्या. उन्हं चढली की कातडं चढायचं, म्हणून थांबायचं, पुन्हा मिळवायचं. काम कंटाळवाणं होतं, आणि त्यातला क्षणन् क्षण मला प्रिय आहे.

आवाज हाती आले की ते ठेवायचे कसे, याकडे बहुतेक वादकांचं लक्ष जात नाही. मला तर तोच या कामाचा गाभा वाटतो. वाद्यात ठेका, म्हणजे स्टाइल, जपला जातो तेव्हा त्यात ढोलकी जपलेली नसते, ढोलकीचा पत्ता असतो. बँकेचे दोन आकडे आणि प्रोग्रामचा एक, एवढाच. यामाहाच्या एक्सजी मांडणीत बँकेचा पहिला आकडा १२७ आला की तालवाद्यं समजायची. त्या पत्त्यावर माझा किट असेल तर ढोलकी वाजते, दुसऱ्याचा असेल तर दुसराच कुणी दार उघडतो. कोर्गच्या पीए मालिकेत ही साखळी आणखी लांब आहे. नमुना ड्रम किटमध्ये, किट साउंडमध्ये, साउंड स्टाइलमध्ये, आणि ती स्टाइल वरच्या मांडणीत. एक कडी हलली तर वरची सगळी माणसं अनोळखी घरात जाऊन बसतात. रजिस्ट्रेशन, म्हणजे एका बटणात जपलेली सगळी मांडणी, तेही पेन ड्राइव्हवरच्या स्टाइलची वाट तेवढी लक्षात ठेवतं. स्टाइलच्या फाइलचं नाव बदललं की ती वाट तुटते. पट्ट्यांच्या नावांतही मेळ नाही. मिडीच्या ६० नंबरला यामाहा सी-३ म्हणते आणि रोलँड सी-४. त्यामुळे मी वहीत नाव लिहीत नाही, नंबर लिहितो. ही वही कागदाची आहे. पहिल्या पानापासून तिच्यात पत्ते आहेत: कोणत्या नंबरवर कोणती थाप, कोणता किट कोणत्या घरात, कोणत्या ठेक्याला कोणता किट.

सेटिंगला नाव देतानाही माझा एक हट्ट आहे. पहिल्यांदा गाण्याचं नाव नाही, सूर. 'का४ धुमाळी', 'का१ केहरवा', 'पां५ भजनी'. एकाच ठेक्याच्या मी सुरागणिक प्रती केल्या आहेत, प्रत्येकीत त्या सुराची ढोलकी. रजिस्ट्रेशन त्या त्या प्रतीकडे बोट दाखवतं आणि त्याच बटणात ट्रान्सपोजचा आकडाही बसवलेला असतो. म्हणजे एक बटण दाबलं की गाणारीचा सूर आणि ढोलकीचा सूर हातात हात घालून येतात. जे नातं यंत्राला कळत नाही ते असं त्याच्याकडून पाळून घ्यायचं. जागा जास्त लागते, एकसारख्या दिसणाऱ्या फायली वाढतात, कुणी पाहिलं तर पसारा वाटेल. मला हा पसारा हवा आहे.

कार्यक्रमात आठ बटणांची एक बँक समोर असते. गण झाला, गवळण झाली, मधे एखादं जुनं चित्रपटगीत, मग लावणी. ऐन वेळी गाणाऱ्या ताई कानाशी येऊन म्हणतात, "दादा, आज गळा बसलाय, काळी तीन घ्या." पूर्वी अशा वेळी ट्रान्सपोज खाली करून ढोलकीकडे दुर्लक्ष करणं एवढंच हाती असे. आता काळी तीनची बँक उघडतो, तीच गाणी, त्याच क्रमानं. फ्रीझची सोयही मी फार वापरतो. ठेका गोठवून ठेवायचा आणि उजव्या हाताचे आवाज तेवढे बदलत जायचे: सनईवरून क्लॅरिनेट, क्लॅरिनेटवरून हार्मोनियम. ढोलकी अखंड चालू राहते, तिला मधे धक्का बसत नाही. लावणीच्या अखेरीला तोड्यावर तोडे येतात तेव्हा मेन ए ते डी या चार भागांवर चार घनतेचे ठेके मी रचून ठेवलेले आहेत, पण तिथं माझं बोट बऱ्याचदा स्टाइल थांबवतं आणि किटच्या पट्ट्या मी हातानंच वाजवतो. नाचणारीच्या पावलाकडे बघूनच तोडा संपवता येतो. ते आधी साठवून ठेवण्याजोगं नाही.

अण्णांनी एकदा हे ऐकलं. त्यांना मी कीबोर्डसमोर बसवलं, बोटं पट्ट्यांवर ठेवायला सांगितलं. त्यांनी काळी चारचा किट वाजवला, थांबले, पुन्हा वाजवला. "ही माजीच हाय," म्हणाले. मग लगेच, "पर सायंकाळची. सकाळची टण्ण बोलती." मी त्याच महिन्यात सकाळची वेगळी घेतली. वहीत तिच्यासमोर 'का४ सकाळ' असं लिहिलं आहे, आणि त्याखाली अण्णांचं नाव, गाव. प्रत्येक किटखाली ते आहे. ज्याच्या हातून आवाज आला त्याचं नाव त्या आवाजाच्या पत्त्याइतकंच जपलं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

नवी मुलं स्टाइल मागायला येतात. मी सुटी स्टाइल देत नाही, पूर्ण संच देतो: नमुने, किट, स्टाइल, रजिस्ट्रेशन आणि वहीच्या पानांची झेरॉक्स. गेल्या हंगामात सांगोल्याकडचा एक मुलगा संच घेऊन गेला आणि परत आला तो हलगी घेऊन. त्याच्या चुलत्यांची, गावच्या जत्रेत वाजणारी. हलगीला काळी-पांढरीचा हिशेब नसतो, ती जाळावर शेकून चढवतात आणि वाजता वाजता ती उतरत जाते. मी विचारलं, मग हिचं नाव कसं ठेवायचं? त्यानं दोन किट केले होते. एकाला 'हलगी शेकलेली', दुसऱ्याला 'हलगी उतरलेली'. पहिली मिरवणूक निघताना, दुसरी देवळाशी पोचल्यावर. संचात त्या दोन्ही आता पुढच्या रिकाम्या घरांत आहेत, त्याच्या चुलत्यांच्या नावासह, आणि संबळाचं काम तोच मुलगा करतो आहे. आकड्यासारख्या वाकड्या काडीची थाप किती थरांत घ्यावी यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. तो म्हणतो चार, मला पाच हवेत.