अडकित्ता

आमच्या घरात रेडिओ एकच, मर्फीचा, आणि तो आजोबांच्या ताब्यात. बटण फिरवलं की आधी काच उजळायची, व्हॉल्व्ह तापायचे, मग लांबून आल्यासारखा आवाज हळूहळू जवळ यायचा. मला हवी असायची सिनेमाची गाणी, लागायचं नाट्यसंगीत. अंगणात पळून जावं तर शेजारच्या रेडिओवर तेच.

‘कट्यार काळजात घुसली’मधलं वसंतराव देशपांड्यांचं पद लागलं की मी तोंड वाकडं करायचे. आजोबा काही बोलायचे नाहीत. सुपारी कातरता कातरता त्यांचा अडकित्ता हवेतच उघडा राहायचा. तान फिरत फिरत समेवर आली की कच्‌कन सुपारी तुटायची. त्या अडकित्त्याकडे बघताबघताच मला सम कळली. कुणी शिकवली नाही.

आई तर १९५५ सालचं सांगायची. पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गाणं असं वर्षाहून थोडं जास्तच चाललं होतं, एकूण ५६ गाणी. पुढचं गाणं ऐकायला सगळी आळी आठवडाभर थांबायची.

आता माझ्या फोनला माझी आवड पाठ आहे. काय पुरतं ऐकलं, काय मध्येच सोडलं, त्यावरून तो पुढचं गाणं काढतो, आणि बहुतेक वेळा ते मला आवडतंही. पण नऊ वर्षांची असताना हा फोन माझ्या हातात असता, तर दोन-चारदा पद पुढे ढकललेलं पाहून त्यानं वसंतरावांना माझ्या वाटेतून कायमचं बाजूला केलं असतं. आणि मला कळलंही नसतं.

स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते ऐकलं असं धरतात. तीस सेकंदांत ख्यालाचा षड्‌जसुद्धा नीट लागत नाही. नव्या गाण्यांतले सुरुवातीचे वाद्यमेळ आखूड होत चाललेत, ते म्हणूनच माझ्या जिवाला लागतं.

फोनवरचं ऐकणं एकट्याचं. सोनीचा पहिला वॉकमन १९७९ सालचा, तो तसा नव्हता. त्याला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाण्याचा आवाज हळू व्हायचा आणि ऐकणारे दोघं एकमेकांशी बोलू शकायचे. आपण एकटेच ऐकत बसलो तर बायकोला परकं वाटतं, हे सोनीच्या अकिओ मोरितांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी आत्मकथनात तसं लिहिलंय. पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेलं, मग दुसरं भोकही. लोकांना त्याची गरज वाटली नाही. मला मात्र ते बटण फार आठवतं, कधी दाबलेलं नसूनही.

हल्ली संध्याकाळी भाजी निवडताना मी स्वयंपाकघरात स्पीकरवर नाट्यपदं लावते, मुद्दाम, जरा मोठ्यानं. लेक येते, “आई, काय गं हे!” म्हणते, पाण्याची बाटली भरून घेते आणि खोलीत जाऊन दार ओढते. पावसानं फुगलंय ते. पुरतं लागत नाही.