टोमॅटो, सुतळी आणि नारायणगाव

वीकेंड आला की पुणेकरांच्या गाड्या आपोआप लोणावळ्याकडे वळतात. तिथल्या ट्रॅफिकचा कंटाळा आला असेल, तर एकदा नाशिक रस्त्याने निघून बघा. चाकण, राजगुरुनगर, मंचर मागे टाकलं की साधारण ७५ किलोमीटरवर नारायणगाव लागतं. लोक इथून शिवनेरीला जातात, नाहीतर खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या महाकाय तबकड्या बघायला. मी गेले ती टोमॅटो बघायला. हसू नका! सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत कुंडी ठेवणाऱ्यांना विचारा, वारा टोमॅटोच्या रोपाशी कसा वागतो ते.

जुन्नर तालुक्यातला हा सगळा पट्टा टोमॅटोचा. पाऊस सुरू झाला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांबूंचं जंगल उभं दिसतं. ओळीच्या दोन्ही टोकांना जाड खांब, त्यांच्यावरून ताणलेली तार, मध्ये मध्ये बांबू आणि तारेवरून प्रत्येक रोपाला सोडलेली सुतळी. एका शेतात बांधणी चालली होती, तिथे उतरले. सुतळी बांधणाऱ्या मावशींचा हात मशीनसारखा चालत होता. मी एक रोप बांधायला घेतलं, तर म्हणाल्या, "ताई, गळा नाय आवळायचा. नुसता हात धरायचा."

म्हणजे काय, तर सुतळी आठच्या आकड्यासारखी फिरवायची. एक वेढा काठीला, एक खोडाला, आणि खोडाभोवती करंगळी जाईल एवढी जागा मोकळी. खोड जाड होत जातं. आज घट्ट बसलेली गाठ महिन्याभरात त्यात रुतते.

मग मावशींनी पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघालेला कोवळा कोंब दाखवला. ही बगलफूट. ती बोटाएवढी असतानाच चिमटीत धरून मोडायची, कात्रीसुद्धा लागत नाही. सगळ्या फुटी ठेवल्या तर झाडाचा नुसता पाला होतो, हवा खेळत नाही आणि पावसाळ्यात करपा लगेच शिरतो. जमिनीलगतची पानंही काढून टाकायची, कारण मातीचे शिंतोडे पहिल्यांदा त्यांच्यावरच उडतात.

हे सगळं बघताना मजा वाटते खरी, पण शेतमालकांशी बोलल्यावर चित्र बदलतं. बांबू, तार, सुतळी, मजुरी हा सगळा खर्च भाव कळण्याच्या आधीच होऊन जातो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये भाव इतके पडले, की नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. २०२३ च्या जुलैमध्ये तोच टोमॅटो शहरात किलोला शंभराच्या वर गेला. "कॅरेट बाजारात उतरेपर्यंत काय खरं नाय," दादा म्हणाले आणि पुढच्या ओळीकडे वळले. आपल्या बाल्कनीतलं रोप गेलं तर आपण हळहळतो आणि मंडईत जातो. त्यांचं अख्खं वर्ष त्या सुतळीवर लटकलेलं असतं. भाजीवाल्याशी घासाघीस करताना मला आता ती सुतळी आठवते.

बाल्कनीत हे करा

* कुंडी किमान १२ ते १४ इंची हवी, तळाला भोकं हवीत. पाच-सहा फुटी काठी रोप लावतानाच रोवा. नंतर खुपसली तर मुळं तुटतात. वरचं टोक ग्रिलला बांधा, म्हणजे वाऱ्यात कुंडीसकट आडवं होणार नाही.
* रोपाची जात विचारून घ्या. बुटक्या, झुडपासारख्या जातीच्या फुटी काढायच्या नाहीत, तिथेच फळं धरतात. वेलासारख्या वाढणाऱ्या जातीला (बहुतेक चेरी टोमॅटो यातलेच) एक किंवा दोन खोडं ठेवा, बाकीच्या फुटी दर आठवड्याला काढा.
* हे काम कोरड्या हवेत, सकाळी करा. आधी हात धुवा. सिगारेट ओढणाऱ्यांनी तर नक्कीच. तंबाखूतून विषाणू रोपाला लागू शकतो.
* उत्साहाच्या भरात झाड बोडकं करू नका. पानांची सावली गेली की उन्हाने फळांवर पांढरे चट्टे पडतात.
* रोप काठीच्या टोकाला पोचलं की शेंडा खुडा, ताकद फळांत जाईल.
* काढलेली मोठी फूट फेकू नका. पाण्यात ठेवली तर थोड्याच दिवसांत मुळं धरते. शेजाऱ्यांना फुकटात रोप!

कसं जाल? पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या एसटी नारायणगावला थांबतात. गाडी असेल तर पहाटे निघा, चाकणचा ट्रॅफिक टळेल. शेतात पाय ठेवण्याआधी मालकांना विचारा, आणि परत येताना डिकीत टोमॅटोला जागा ठेवा. भाव मात्र करू नका.