जुनी बीच बाइक घेताय? आधी चालवणार कोण ते ठरवा

दिवाळीचा सीझन जवळ आला की किनाऱ्यावरच्या पोरांचे फोन सुरू होतात. "दादा, एक सेकंडहँड एटीव्ही बघितलीय, घेऊ का?" मी मेकॅनिक नाही, तालुक्याच्या बातम्या करणारा माणूस. पण गेल्या काही वर्षांत वाळूवर कलंडलेल्या या चारचाकी बाइकच्या बातम्या मीच दिल्यात. हात मोडलेली पोरं पाहिलीत, दवाखान्याच्या व्हरांड्यात डोक्याला हात लावून बसलेले गाडीमालकही पाहिलेत. मालक म्हणजे कोण, आपल्यातलाच कोणीतरी. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. लांब आहे, पण पैसे मोजण्याआधी वाचा.

शेजारच्या गावातला एक तरुण मागच्या महिन्यात भेटला. आईचं सोनं गहाण टाकून दोन जुन्या गाड्या घ्यायच्या होत्या. मोबाइलवर फोटो दाखवला : 400 सीसीची स्पोर्ट, लालभडक, मोठ्ठे टायर. मी विचारलं, "तू चालवून बघितलीस?" म्हणाला, "दादा, उडते नुसती!" मग विचारलं, "धंद्यात चालवणार कोण?" तर म्हणाला, "पर्यटक." सगळी गोची इथेच आहे. गाडी निवडली स्वतःच्या हाताला शोभेल अशी, आणि बसणार तिच्यावर पुण्या-मुंबईहून आलेलं, आयुष्यात पहिल्यांदा हँडल धरणारं माणूस.

गाड्यांचे ढोबळ तीन प्रकार धरा. एक स्पोर्ट : हलकी, वेगवान, बहुतेक वेळा फक्त मागच्या चाकांना ताकद, क्लच-गिअर हाताळावे लागणारी. ज्याला शरीराचा तोल सांभाळत चालवायची सवय आहे त्याच्यासाठीच ती. दुसरी कामाची, म्हणजे युटिलिटी : फोर-व्हील ड्राइव्ह, पुढे-मागे कॅरिअर, बेल्टवर चालणारी ऑटोमॅटिक. आंब्याच्या बागेत खताची पोती न्यायला, चढावर पाण्याचे कॅन न्यायला ही उत्तम. पण मोठीचं वजन तीनशे किलोच्या घरात जातं. अंगावर आली तर एकट्याने उचलता येत नाही. तिसरी लहान मुलांची : छोटं इंजिन, वेग बांधून ठेवणारा थ्रॉटलचा स्क्रू, आणि दोरी ओढली की इंजिन बंद होण्याची सोय.

आता ही गाडी कलंडते का, ते समजून घ्या. बऱ्याच स्पोर्ट गाड्यांत मागचा धुरा अखंड असतो, डिफरन्शियल नसतं. वळताना मोटारीचं बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी. इथे दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे गाडी सरळ जायलाच बघते. वळवायची तर अंग वळणाच्या आतल्या बाजूला टाकावं लागतं. नवखा माणूस घाबरून नेमका उलटा, बाहेर झुकतो. त्यात ॲक्सिलरेटर अंगठ्याखाली. घाबरला की तो मूठ आवळतो, अंगठाही दाबला जातो आणि गाडी थांबायच्या ऐवजी सुसाट सुटते. मागे बायको किंवा पोरगं बसलेलं असेल तर वजन मागे जातं आणि वाळूच्या चढावर पुढची चाकं हलकी होतात. बहुतेक एटीव्ही एकट्यासाठीच बनवलेल्या असतात. तसा इशारा गाडीवरच छापलेला असतो. आपल्याकडे येईपर्यंत तो स्टिकर खरवडलेला असतो, एवढंच.

हे जगाला नवीन नाही. अमेरिकेत तीनचाकी एटीव्हीने इतके अपघात झाले की 1988 मध्ये कंपन्यांनी सरकारशी करार करून त्यांची विक्री थांबवली. 16 वर्षांखालच्या मुलाने 90 सीसीच्या वरची गाडी चालवू नये, असा इशारा तिथे वर्षानुवर्षं गाड्यांवर होता. आपल्या किनाऱ्यावर मात्र दहा वर्षांच्या पोराला मोठ्या गाडीवर बसवून बाप समोरून व्हिडिओ काढत असतो.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन गार असताना जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर चहा पिऊन या, पण गार झाल्यावर तुमच्या हाताने सुरू करा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, सोडून द्या. प्रत्येक चाक वर-खाली धरून हलवा, खडखडलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलेत. समुद्रावर चाललेली गाडी असेल तर खाली आडवे होऊन चासी बघा. वरून नवा रंग आणि खालून खारं पाणी खाल्लेलं लोखंड, हा नेहमीचा खेळ. वेल्डिंगच्या जागी स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टायरमध्ये हवा कमीच असते, मोटरसायकलसारखी टम्म भरायची नसते. पण दोन्ही बाजूंची सारखी हवी, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. आणि सुटे भाग कुठे मिळतात ते आधी विचारा. कंपनीचं नावही धड लावलेलं नाही अशा स्वस्त गाडीचा एक ब्रेक शू सीझन संपेपर्यंत येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, कागद. विकणारा सांगतो, "ही खेळण्याची गाडी, हिला आरसी लागत नाही." अर्धं खरं आहे. फक्त बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली खास गाडी मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येबाहेर राहते. पण याच कायद्याच्या कलम 2(34) मध्ये 'सार्वजनिक जागा' म्हणजे जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कुठलीही जागा, रस्ताच असला पाहिजे असं नाही. मग आपला समुद्रकिनारा काय आहे? सार्वजनिक जागी गाडी चालवायची तर नोंदणी लागते (कलम 39), थर्ड पार्टी विमा लागतो (कलम 146), चालवणाऱ्याकडे लायसन्स लागतं (कलम 3). अल्पवयीनाने गुन्हा केला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड होऊ शकतो.

यातलं काहीच नसताना एखाद्या पर्यटकाला इजा झाली, तर विमा कंपनी येणार नाही. भरपाई मालकाच्या खिशातून. म्हणजे आईच्या सोन्यातून. त्या पोराला मी एवढंच सांगितलं.

त्याने गाड्या अजून घेतलेल्या नाहीत. घरामागे वडिलोपार्जित दीड एकर माळ आहे. तिथे कुंपण घालून, टायर रचून ट्रॅक करायचा, वेग बांधलेल्या दोन लहान गाड्या घ्यायच्या, हेल्मेटशिवाय कोणाला बसवायचं नाही, असा विचार चाललाय. कमाई कमी होईल. पण रात्री झोप लागेल.

पोरांना दोष देऊन भागणार नाही. किनाऱ्यावर शेती परवडत नाही, मासळी कमी झालीय, चार महिन्यांचा सीझन हीच कमाई. ती गाडी बंद करा म्हणणं सोपं आहे, पण जागा कोण देणार? ग्रामपंचायत आणि तहसील यांनी बसून किनाऱ्यापासून दूर एखादी आखीव जागा ठरवावी, वेगाची आणि वयाची अट घालावी, हेल्मेट सक्तीचं करावं. आणि वाळू मोकळी ठेवावी. वेळासपासून गुहागरपर्यंत याच वाळूत थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चाकाच्या चरीत पडलेलं इवलंसं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. कासव बघायला येणारा पर्यटकही आपलाच ग्राहक आहे, हे विसरू नका.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला लावा. तोंडी नको, लेखी अर्ज द्या, आणि पोच घ्या.