माय मरो, मावशी जगो... रोममध्येसुद्धा!

ऑफिसच्या कामासाठी रोमला गेले होते. शेवटचा अर्धा दिवस मोकळा मिळाला, आणि सगळे टूरिस्ट करतात तेच मीही केलं. १९५३ च्या 'रोमन हॉलिडे'त ग्रेगरी पेक ज्या दगडी तोंडात हात घालतो, त्या 'बोका देल्ला वेरिता'पुढे रांग लावली. खोटं बोलणाऱ्याचा हात म्हणे ते चावतं. तो दाढीवाला चेहरा ग्रीकांच्या जुन्या समुद्रदेवाचा, ओशनसचा, असं बरेच जण मानतात.

एक हात तोंडात, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि नेमका मावशीचा फोन. 'मीटिंगमध्ये आहे गं, नंतर करते,' म्हटलं आणि कट केला. हात शाबूत!

रस्त्यापलीकडेच पोर्तुनसचं, म्हणजे बंदरांच्या रोमन देवाचं देऊळ. इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचं. ८७२ मध्ये त्याचं चर्च झालं, म्हणून टिकलं. हा पोर्तुनस म्हणजेच ग्रीकांचा पॅलेमॉन, असं रोमन मानत. पण खरी गोष्ट आहे त्याच्या आईची.

तिचं नाव इनो. देवी वगैरे नाही, साधी माणूस. बहीण सेमेले गेल्यावर तिचं बाळ इनोने सांभाळलं. ते बाळ म्हणजे झ्यूसचा मुलगा डायोनिसस! झ्यूसची बायको हेरा भडकली आणि राग काढला तो सांभाळणारीवर. इनोच्या नवऱ्याला तिने वेड लावलं, त्याने थोरला मुलगा मारला. धाकट्याला कवटाळून इनोने कड्यावरून समुद्रात उडी घेतली. तिथे ती झाली ल्यूकोथिया आणि मुलगा पॅलेमॉन. (सावत्र मुलांशी ही बाई भयंकर वागली होती, तेही सांगायला हवं. मावशी म्हणजे संत नव्हे.)

'ओडिसी'त पोसायडनच्या वादळात ओडिसियस सापडतो, तेव्हा हीच पाण्यातून वर येते. डोक्यावरचं वस्त्र देते. छातीशी बांध, तराफा सोड नि पोहत सुट, म्हणते. साहेबांना संशय! तराफा मोडेपर्यंत बसून राहतात. मग मुकाट्याने बांधतात, आणि वाचतात.

रोमनांनी तिला आपल्या मातेर मातुता देवीशी जोडलं. तिच्या देवळाचे अवशेष तिथून चालत काही मिनिटांवर आहेत. ११ जूनच्या मात्रालिया सणाला बायका तिच्याकडे मागणं मागायच्या ते स्वतःच्या पोरांसाठी नाही, बहिणीच्या पोरांसाठी.

हे वाचलेलं आठवलं आणि मी त्या कुंपणाशी थांबलेच. मी सहा वर्षांची असताना आई गेली. माझ्या बारावीच्या वर्षी बदली नको म्हणून मावशीने बँकेतलं प्रमोशन नाकारलं. नंतर ते पुन्हा आलंच नाही.

फोन लावला.

'संपली मीटिंग?'

'नव्हतीच गं.'

'कळलं होतं. एवढी पोरं खिदळतात ती कसली मीटिंग? बरं, तुझा एलआयसीचा हप्ता भरलास का?'