आधी थांबते का ते बघ

लालबागच्या चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत राहणारे काका पश्चिम रेल्वेच्या लोअर परळ वर्कशॉपमध्ये फिटर होते. सकाळी डबा घेऊन करी रोडचा पूल ओलांडून ते कामावर जात. दुरुस्तीला आलेले प्रवासी डबे, त्यांच्या बोगी, कपलिंग आणि ब्रेक यांतच त्यांचं आयुष्य गेलं. आज इंग्लंडमध्ये मी मुलाबाळांसह गाडीमागे कॅरव्हान जोडून निर्धास्त हिंडते, ते त्यांच्यामुळे. स्वतः काकांनी कॅरव्हान कधी पाहिलेली नव्हती.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. वडील गिरणी कामगार. संप लांबला, घरातली भांडी एकेक करून गेली, आणि वडील सावकाराकडे जायच्या गोष्टी बोलू लागले. काकांनी त्यांना बसवून घेतलं आणि विचारलं, “कर्ज मिळेल हो, पण ते थांबवणार कुठे?” माझी फी त्यांनी भरली, ती वर्षानुवर्षं. पुढे व्हीजेटीआयमधून डिप्लोमा करून मी नोकरीला लागले आणि ते पैसे घेऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी ते नीट मोजून घेतले आणि वहीत लिहून ठेवले. माझ्या वडिलांची मान कुणापुढे खाली राहू नये, एवढ्याचसाठी त्यांनी ते घेतले हे मला फार उशिरा कळलं.

पैशांचं ऋण त्यांनी असं फेडू दिलं. दुसरं ऋण मात्र तसंच आहे. व्हरांड्यात बसून ते मला यंत्रं समजावून सांगत. एकदा त्यांनी विचारलं, “चालत्या गाडीचे मागचे डबे सुटले तर काय होईल?” मला वाटलं, ते तसेच धावत राहतील. मग त्यांनी व्हॅक्यूम ब्रेक समजावला. डब्यांखालच्या नळीतली हवा काढून घेतलेली असते, म्हणून ब्रेक सुटलेले राहतात. कपलिंग तुटून नळी फाटली की हवा आत शिरते आणि ब्रेक आपोआप लागतात. “इंजिन किती ओढतं ते सगळे विचारतात. तू आधी थांबते का ते बघ,” असं ते म्हणत. त्या वयात ते मला फक्त गाडीबद्दलचं बोलणं वाटलं होतं.

लग्नानंतर मी इंग्लंडला आले. दोन मुलं झाली. सुट्टीत हॉटेलचा खर्च झेपेना, म्हणून आम्ही जुनी कॅरव्हान घ्यायचं ठरवलं. मनात भरली ती चौघांच्या बिछान्यांची, मागे ऐसपैस न्हाणीघर असलेली. पूर्ण भरल्यावर तिचं कमाल वजन 1,380 किलो. आमच्या गाडीवर लावलेल्या वजनांच्या पट्टीवर कामाचे दोन आकडे होते: गाडीचं भरलेलं कमाल वजन 2,000, आणि गाडी व ओढलेलं वाहन मिळून 3,400. म्हणजे 1,400 किलोंपर्यंत ओढायला परवानगी. विक्रेता म्हणाला, ओढेल. आकड्यांनुसार त्याचं बरोबरच होतं आणि इंजिनाच्या ताकदीवर माझाही विश्वास होता.

त्या रविवारी काकांना फोन केला. ते तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “ओढेल, ते ठीक. पण तुझी गाडी स्वतः किती वजनाची?” रिकामी 1,450, मी म्हटलं. “मग अगं, उतारावर मागचं ढकलायला लागलं तर कोण कोणाला हलवेल?”

या प्रश्नाने माझी निवड बदलली. इथल्या कॅरव्हान संघटनांचाही नवख्यांना हाच सल्ला असतो, की कॅरव्हानचं भरलेलं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवावं. तो कायदा नाही. आमच्यासाठी ती मर्यादा 1,232 किलोंवर येत होती. आम्ही 1,200 किलोंची, लहान न्हाणीघराची कॅरव्हान पसंत केली. तिचं मूळ वजन 1,050, म्हणजे सामानाला 150 किलो. तंबू, बॅटरी, गॅस, भांडी, कपडे सगळं त्यातच. तेव्हापासून घरात प्रत्येक पिशवी वजनकाट्यावर चढू लागली.

ती कॅरव्हान पाहायला गेले तेव्हा काका शेजारी असल्यासारखी मी एकेक गोष्ट तपासली. कोपऱ्यांत, खिडक्यांखाली ओल आहे का ते ओलमापकाने पाहिलं. 20 टक्क्यांच्या वर आकडा गेला तर आतलं लाकूड कुजत असण्याची शक्यता. टायरच्या कडेचा चार आकडी संकेत वाचला, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी वय झालेला टायर भरवशाचा नसतो. मग जोडणीकडे वळले. गाडीचा वेग कमी झाला की मागची कॅरव्हान पुढे रेटते, त्या रेट्याने जोडणीतला दांडा आत दाबला जातो आणि तिच्याच चाकांचे ब्रेक लागतात. शेजारी एक बारीक पोलादी तार होती. जोडणी निसटली तर ही तार कॅरव्हानचा हँडब्रेक ओढते आणि मगच तुटते. तार हातात घेतली आणि व्हरांड्यातला तो धडा कशासाठी होता ते उमगलं. लोअर परळच्या डब्यांखालची नळी आणि ही तार, दोघींचं काम एकच.

सामान भरायचेही नियम असतात. जड सामान जमिनीलगत आणि चाकांच्या आसाजवळ ठेवायचं, गाडीच्या हुकावर कॅरव्हानच्या वजनाचा साधारण 5 ते 7 टक्के भार येईल असं बघायचं, पण गाडीसाठी ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे जायचं नाही. हा भार कमी पडला तर कॅरव्हान वेगात डोलू लागते. आमची मर्यादा 75 किलोंची. दर वेळी निघण्याआधी तो मोजण्याचं काम आता माझी मुलगी करते.

ओळखीची मराठी कुटुंबं कॅरव्हान घ्यायची म्हटली की मला सोबत नेतात. मी त्यांना आधी गाडीची पट्टी वाचायला लावते. आपलं बळ किती, हे माणूस उत्साहाने सांगतो. ओझ्याने ढकललं तर आपण उभे राहू का, हे विचारायला कुणीतरी आपलं माणूस लागतं. माझ्या वडिलांना ते 1982 साली काकांच्या रूपाने मिळालं आणि पुढे मलाही. काकांच्या वहीत माझा हिशेब चुकता झालेला आहे. त्यांनी दिलेला प्रश्न दुसऱ्यांना विचारत राहणं, एवढंच माझ्याकडून होण्यासारखं आहे, आणि ते मी करते.