अंदाजाने दाबा

ऑपरेशन झालं की दिसायला लागणार, असं घरच्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. मोतीबिंदू निघाला, भिंग बसलं, चष्म्याचा नंबरही बरोबर आहे. तरी त्या डोळ्याने पोरगं तक्त्यावरच्या मोठ्या अक्षरांखाली उतरत नाही. "आता काय राहिलं, मॅडम?" राहिलेलं असतं ते मेंदूत. लहानपणी ज्या डोळ्याकडून धूसर चित्र येत गेलं, त्याची दखल घेणं मेंदूने सोडून दिलेलं असतं. ह्यूबेल आणि वीझल यांनी मांजराच्या पिल्लांवर हे दाखवलं. त्यांना १९८१चं नोबेल मिळालं. त्यातून एक समजही पक्का झाला, की वय उलटलं की आळशी डोळा तसाच राहायचा. २००४मध्ये उरी पोलात आणि सहकाऱ्यांनी प्रौढांकडूनही संगणकावर सराव करून घेतला आणि नजर सुधारल्याचं मांडलं, तेव्हा त्या समजाला पहिला मोठा धक्का बसला.

सराव दिसायला अगदी नीरस. राखाडी पडद्यावर काळसर-पांढऱ्या पट्ट्यांचा एक गोल, कडेला विरत गेलेला. होलोग्राफीवाल्या डेनिस गॅबर यांच्या नावाने तो ओळखला जातो. मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या पेशींना अशा तिरप्या-उभ्या कडाच जास्त भावतात, म्हणून अक्षरांऐवजी हे. चांगला डोळा झाकायचा. क्षणभराच्या दोन झलका येतात. हा गोल त्यांतल्या एकीतच असतो. पहिलीत होता की दुसरीत? माउसचं डावं किंवा उजवं बटण. तीन उत्तरं बरोबर आली की पट्ट्या एक पायरी मंद होतात, एक चुकलं की पुन्हा गडद.

"दोन्ही वेळा कोरंच होतं हो," असं पेशंट म्हणतो. 'दिसलं नाही' असं बटण मुद्दामच ठेवलेलं नाही. मी म्हणते, अंदाजाने दाबा. निव्वळ नशिबावर निम्मी उत्तरं बरोबर यायला हवीत. या तीन-एकच्या हिशेबात ती साधारण ७९ टक्क्यांपाशी रेंगाळतात, आणि माणूस मात्र शपथेवर सांगत असतो की काही दिसलं नाही. आमचा सगळा कस इथे लागतो. मुलं बिनधास्त दाबतात. हिशेबनीस, इंजिनिअर मंडळींना चुकलं की वाजणारी पीप जिव्हारी लागते. खात्री झाल्याशिवाय बोट हलत नाही. त्यांच्याशेजारी बसून मी फक्त घाई करते. आठवड्याला तीनदा, अर्धा-पाऊण तास, महिनोन्महिने. नजर सुधारली तरी गुण वाढत नाहीत, कारण पट्ट्या आणखी मंद झालेल्या असतात. हे समजावताना कुठल्याही व्यायामशाळेतल्या मास्तराइतकं बोलावं लागतं.

मुलांसाठी लाल-हिरव्या चष्म्याचे खेळ आले आहेत: एका डोळ्याला विटा, दुसऱ्याला खड्डे, दोन्ही मिळूनच डाव जमतो. कल्पना सुरेख. पण २०१६च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत रोज तासभराचा खेळ चांगल्या डोळ्यावर दोन तास बांधायच्या साध्या पट्टीपेक्षा सरस ठरला नाही. दिलेल्यापैकी पाऊण भागाहून जास्त खेळणारी मुलं जेमतेम २२ टक्के होती. मुलांनाही कंटाळा येतो, खेळ असला म्हणून काय! म्हणून "पट्टी नको, ॲपच द्या" म्हणणाऱ्या आईबाबांना मी आधी चष्मा आणि पट्टीच सांगते. 'चष्मा सुटेल' या जाहिरातींचा तर मला रागच येतो. डोळ्याची लांबी आणि पारपटलाचा बाक पट्ट्या पाहून बदलत नाही, आणि नंबर मुख्यतः त्यांच्यावर ठरतो.

सराव घरी द्यायचा झाला तर माझा पहिला प्रश्न संगणकाबद्दल नसतो. टेबल कुठल्या खोलीत आहे आणि खिडकी कोणत्या बाजूला, हे विचारते. बहुतेक घरांत ती स्क्रीनच्या बरोबर समोर निघते. मग जाड पडदा लावायला सांगते, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर बसायला. स्क्रीनवर उजेड पडला तर त्या मंद पट्ट्या मलाही दिसत नाहीत.